माझ्या माळावर गाळ पडू नये म्हणून

मी, द्वारकाबाई बद्रीनाथ डोईफोडे, वय ६७, धंदा शेती, राहणार माळतोंडी, तालुका भोकरदन, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवते. आमच्या द्राक्षांची वाइन होते, पण मी पूर्ण शुद्धीत आहे. सोमवारी संभाजीनगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याची भीती आहेच. पण मंगळवारी गाळ घेऊन येणाऱ्या टिपरांनी माझी झोप उडवली आहे.

१. राहते घर, काळ्या जमिनीची पट्टी आणि ट्रॅक्टर माझा मुलगा भारत याला द्यावा.

२. माझ्या पाटल्या सून शालू हिला. तिने माझं पथ्यपाणी केलं, कधी तोंड वाकडं केलं न्हाई.

३. माळावरचा मुरमाड तुकडा, शिराझ द्राक्षाच्या वेलींसह, माझी मुलगी दैवशाला हिला द्यावा. वाटणीच्या वेळी दीर राधेश्याम यांनी विहिरीकडची काळी स्वतःला ठेवून हा माळ आमच्या माथी मारला, वर म्हणाले, "वहिनी, आता कुसळं कापा." त्यांना त्याच माळाच्या वाइनची एक बाटली ठेवून जाते. निवांत बसून प्यावी.

दैवशाला नाशिकला वाइनरीत नोकरीला आहे. आमचा माल तिथंच जातो. तिने एकदा माझ्यापुढे तीन ग्लास मांडले. मी चमच्याने घेतलं, औषध समजून. पहिली नाशिकच्या द्राक्षांची, आंबटसर, तरतरीत. तिकडे रात्री गार असतात म्हणून आंबटपणा टिकतो म्हणे. दुसरी आपल्या काळीतली, गोड पण पाणचट. काळी पाणी धरून बसते, वेल नुसती पानांत माजते. तिसरी आपल्या माळाची. मुरमात पाणी ठरत न्हाई, मुळं दगडाच्या भेगांत खोल जातात, दाणा बारीक राहतो, साल जाड होते. अगं बाई, ती चव जिभेवरून जाता जाईना! ऊन तेच, वेल तीच, मधी फक्त एक बांध. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

आणि त्या माळावर भारत तलावातला गाळ टाकायला निघालाय. गावानं टाकला, त्यांचा कापूस तरारला, म्हणून. आधीच आता आपल्याकडच्या रात्री गरम राहून राह्यल्या, अवकाळीचा नेम न्हाई. त्यात गाळ पडला की मुरमातून वेगळा काढता येणार न्हाई. मी अडवलं की म्हणतो, "आई, तू दवाखान्यातून येशील तवा माळ कसा हिरवागार दिसंल." त्याच्या मनात पाप न्हाई. असतं तर काठीनं हाणलं असतं.

४. आमच्याकडे बहिणीने भावाला हक्कसोड लिहून द्यायची रीत आहे. न दिली तर माहेर तुटतं. दैवशालाने हक्कसोड देऊ नये आणि भारतने तिची भाऊबीज मोडू नये. हे दुसरं कोर्टात टिकत न्हाई, असं हा कागद लिहिणारे वकीलसाहेब म्हणतात. तरी लिहा.

५. इथवर लिहून झाल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "आजी, हा कागद तुमच्या पश्चातच चालतो. तुम्ही दवाखान्यात असताना टिपर आले तर याचा काही उपयोग नाही." मेले तर माळ राहणार अन् जगले तर जाणार, हा कसला न्याय! म्हणून बाहेर बसलेल्या भारतला आत बोलावून सगळा मजकूर वाचून दाखवला.

तो म्हणाला, "मंग मी काय तुझा वैरी हाय का?"

मी म्हणाले, "वैऱ्याला कोण घर देतं, बाळा? पण माळाला हात लावू नको."

तो उठून बाहेर गेला. हेही लिहा.

ठिकाण: भोकरदन. दिनांक: १० मे २०२५.

लिहून ठेवणार: द्वारकाबाई बद्रीनाथ डोईफोडे (सही)

साक्षीदार:
राजानंद साळवे, निवृत्त शिक्षक (सही)
चतुराबाई गाडेकर, शेजारीण (अंगठा)

मजकूर ऐकून मान्य: भारत बद्रीनाथ डोईफोडे

(सही बाकी. तो बाहेर फोनवर बोलून राह्यला. टिपरवाल्याला नको म्हणतो का जल्दी ये म्हणतो, इथून ऐकू येत न्हाई.)