अंगावरचा हरिख

आई, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुझा आवाज आठवायचा तर मला ताईला फोन लावावा लागतो. तिचा आवाज हुबेहूब तुझ्यासारखा झालाय. तुझं एक वाक्य मात्र अजून तुझ्याच आवाजात कानात आहे, आणि त्या वाक्यावरूनच मी आजवर तुझ्यावर संशय घेत आले.

सोनईच्या घरी ताईला बघायला अकोले तालुक्यातली माणसं आली होती, तो दिवस. चहा-पोहे झाले, पुरुषमंडळी ओट्यावर बोलत बसली. तू चुलीपुढे बाजरीच्या भाकरी थापतेयस, मी तेव्हा दहावीत, तुझ्याशेजारी काटवटीत पीठ मळतेय. अण्णा दारातून वाकून म्हणाले, "जमलं! पोरगं लई शांत हाय." तुझे हात थांबले. मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला, पिठानं पांढरी झालेली लवसुद्धा मला दिसली. "आई, काटा आलाय गं तुझ्या अंगावर." तू पदराला हात पुसलेस. "हरिख झालाय. लेकीचं जमलं न्हवं." पण तू हसली नाहीस, आणि तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं तिकडं लक्ष नव्हतं. त्याआधी मुलाच्या आईनं तुला परसात बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं होतं, ते मी पाहिलं होतं.

लग्नाला काही महिने झाले असतील, ताई एकटीच आली. पाणी प्यायली आणि म्हणाली, "त्यांना बरं नसतं." एवढंच. अण्णा विचारतायत, ताप हाय का, डाक्टरला दावलं का. तू मात्र विचारलंस, "पडले तवा जवळ कोन हुतं?" दाजी पडले असं ताई कुठं बोलली होती? मी तुझ्याकडे बघितलं, तर तू उठून गायीला वैरण टाकायला गेलीस. दाजींना फिट येते हे आम्हाला त्यानंतर कळलं. तुला ते आधीपासून ठाऊक होतं, हे मात्र मला तिथल्या तिथं कळलं. सगळं माहीत असून तू लेक दिलीस, असं मी मनात पक्कं करून टाकलं. तुला विचारायचा धीर होईपर्यंत तू उरली नाहीस.

पुढं मी संस्कृत शिकले, नगरला कॉलेजात शिकवायला लागले. तुझ्या हरिखाचा मूळ शब्द 'हर्ष' पुस्तकात आला की मला तुझे हात दिसायचे. शेजारच्या गुजराती काकू नातवाचे पेढे घेऊन आल्या आणि "मने तो बहु हरख थयो" म्हणाल्या, तेव्हा मी आधी त्यांच्या हाताकडे बघितलं. तिथं काही नव्हतं. तुझाच शब्द, शेजारच्या भाषेत इतका निर्धास्त! मग परवा वर्गात हृष् धातू शिकवत होते. त्याचा जुना अर्थ केस ताठ उभे राहणं. आनंद त्यातूनच निघाला, पण रोमहर्ष भीतीनंही होतो. आणि संस्कृतची लांबची बहीण असलेल्या लॅटिनमध्ये त्याच मुळातून भीतीचा शब्द झाला, आपण ज्याला हॉरर म्हणतो तो, असं अभ्यासक मानतात. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं, आनंद का भीती?" वर्ग हसला. मला वाटलं, तुझा तो काटा भीतीचाच, तुझ्याविरुद्धचा पुरावाच हाती आला. रविवारी अकोल्याची एसटी धरली, पुढं जीप.

ताई अंगणात तांदूळ पाखडत होती. दाजी पलीकडे गोठ्याचा कूड बांधत होते. मी आडपडदा ठेवला नाही.

"ताई, आईला लग्नाआधीच माहीत होतं ना?"

"व्हय," ती म्हणाली. सूप थांबलंसुद्धा नाही.

"तुझ्या सासूनं सांगितलं?"

"सासू कशाला सांगंल? म्याच सांगितलं. ह्यांच्या हातावर पानी घालाय गेल्ते, तर खाली बघूनच म्हनले, मला फिट येती, घरचे सांगनार न्हाईत, तुमी नकार द्या. मला तितंच मानूस आवडला. आई म्हनली, अण्णांना सांगते. म्या पाय धरले तिचे. अण्णांनी मोडलंच असतं."

"मग लग्नानंतर घाबरून माघारी का आलीस?"

"ऐकलेलं येगळं आन् डोळ्यानं बघितलेलं येगळं. आई म्हनली, तू जा न्हाईतर ऱ्हा, मी तुझ्याच बाजूची हाय. मग गेले."

"आणि परसात सासूबाई काय सांगत होत्या?"

"लुगड्याचं बोलत असतील. मला काय ठावं!"

कूड बांधता बांधता दाजी म्हणाले, "नकार द्या म्हनलं, तर हिनं तांब्या समदा माज्या पायावर वतला." दोघंही हसायला लागले. मीही हसले, पण मनात म्हटलं, उत्तर फारच तयार होतं. तुझी बाजू सावरायला नवरा-बायकोनं हे कधीच ठरवून ठेवलेलं नसेल कशावरून?

परतीच्या वाटेवर मी एकेक शंका काढत राहिले. एसटी कोल्हारला येईपर्यंत एकही टिकली नाही. टिकाव्यात अशी माझीच इच्छा होती, हे तेव्हा लक्षात आलं. इतकी वर्षं तुला दोषी धरताना मला वाटायचं, आईचं खरं रूप घरात फक्त मला ठाऊक आहे. त्या संशयाइतकं तुझं दुसरं काही माझ्या एकटीचं नव्हतं. आणि तुम्ही दोघींनी ते गुपित वाटून घेतलं होतं, माझ्या देखत, मला न सांगता.

हा कागद मी ताईला वाचून दाखवणार नाही. तिला वाटेल, माझा तुझ्यावर राग होता. तेवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. मला तिचा हेवा वाटतोय, आई.