शिंपीबाबांचे पाय

सोमवार, २४ मार्च
आजपासून नम्र व्हायचे. उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) आदल्या संध्याकाळी आमचे पाळकसाहेब चर्चमध्ये, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतात. तेव्हा पाण्याचे घंगाळ धरायला मंडळीतला सर्वांत नम्र माणूस निवडतात. यंदा मी. मात्र कोणाला सांगायचे नाही. ताईला सांगितले. ती म्हणाली, आधी जेवलेले ताट उचल.

मंगळवार, २५ मार्च
सेवेसाठी शिंपीबाबांना निवडले. खुबा मोडल्यापासून घरातच असतात. एकटे. वाकता येत नाही. रोज पाय धुवायचे. पाळकसाहेबांच्या सहज कानावर घातले. ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, जा बाळा, दोघांनाही बरं पडेल.
दोघांनाही? दुसरा कोण? चर्चमध्ये पेटी वाजवणारा तर नव्हे? तो सारखा हसतो. सारखे हसणाऱ्यावर माझा भरवसा नाही.

गुरुवार, २७ मार्च
पहिली सेवा. पाणी जरा जास्तच गरम होते. बाबा ओरडले. मी मनाला लावून घेतले नाही. गुडघे टेकताना माझ्या तोंडून ‘आई गं’ निघाले. उठतानाही. थोडे मोठ्याने, पण खिडकी उघडी होती हा योगायोग.

सोमवार, ३१ मार्च
घात! बाबांचे पाय आधीच स्वच्छ. साबणाचा वास. कोणी धुतले विचारले तर म्हणाले, अरे, मी जातो कुठं चालत, मळतील कशाला? बस, चहा घे.
टाळाटाळ. तरी बसलो. बाबांना विरंगुळा हवा म्हणून ऑफिसात साहेब मला कसे छळतात ते सविस्तर सांगितले. अंधार पडला. त्यांना फार बरे वाटलेले दिसले, कारण डोळे मिटले होते.

शुक्रवार, ४ एप्रिल
पुन्हा स्वच्छ! दाराआड बाबांचा कापड मोजायचा लाकडी गज उभा होता. त्याच्या टोकाला फडके बांधलेले, ओले. पेटीवाला पुरावेही आवरत नाही.

बुधवार, ९ एप्रिल
ऑफिस सुटल्यावर पेटीवाल्याचा पाठलाग केला. औषधे घेतली आणि सरळ घरी गेला. मला चकवायलाच. वर मागे वळून विचारले, काय रे, रविवारी चर्चला येतोस का बरोबर? हसत.

रविवार, १३ एप्रिल
घंगाळ मला! पाळकसाहेबांनी उपासनेत जाहीर केले. मान खाली घातली. (आरशात सराव केला होता.) पेटीवाल्याने टाळी वाजवली. यात काहीतरी आहे.

बुधवार, १६ एप्रिल
चोर रंगेहाथ पकडायला लवकर गेलो. खिडकीतून पाहिले. आत बाबा एकटेच. एका हाताने पलंग धरलेला, दुसऱ्या हातात गज. फडक्याने स्वतःची पावले पुसत होते. दात आवळून. पुसता पुसता बोलत होते : प्रभू, पोरगं येईल आता. खाली बसलं की त्याचे गुडघे दुखतात रे. आणि मला बळ दे, आज पुन्हा ऑफिस असेल.
आत गेलो नाही.

गुरुवार, १७ एप्रिल
चर्चमध्ये घंगाळ हातात घेतले. पाय धुवायच्या बारा जणांत बाबाही होते, त्यांना रिक्षाने आणणार होते, पण त्यांची खुर्ची रिकामी. पाळकसाहेब म्हणाले, काल खुब्यात कळ आली, उठवत नाही. घंगाळ पेटीवाल्याच्या हातात दिले. तो हसला नाही. म्हणाला, पळ.
मला दारात पाहून बाबा म्हणाले, वेड्या, आज तुझा मान होता ना? आज पाय मळलेले होते. पाणी आधी माझ्या हातावर घेऊन पाहिले, मग धुतले. गुडघे दुखले. गप्प बसलो. बाबांनी उसासा टाकून विचारले, मग, साहेब काय म्हणाले आज?
काही नाही, म्हणालो. तुम्ही सांगा.
खूप सांगितले त्यांनी.
हे ताईला अजिबात सांगायचे नाही असे ठरवून घरी आलो. सांगितले. ती म्हणाली, छान. सकाळचं ताट अजून तिथंच आहे.