नळावरची खुर्ची

घाटकोपर,
ता. ९ फेब्रुवारी १९८६, रविवार

चि. धोंडू यास आईचा पोटभर आशीर्वाद.

तू मस्कतला बरा असशील. आम्ही तिघी, म्हणजे मी, प्रेमा आणि तुझी सुलू, ठणठणीत आहोत. माझं अक्षर बघून हसू नकोस. तिसरी पास बाईचं आहे. चार ओळी झाल्या की हात दुखतो, मग चहा पिते, मग पुन्हा लिहिते. म्हणून हे पत्र शुक्रवारपासून चाललंय.

तर सगळ्यात पहिली आली ती सेराफिना. समोरच्या ऑगस्टीनची बायको. गुरुवारी सकाळी मी अजून मिश्री लावतेय तोवर ही दारात उभी, आणि डोक्यावर काय, तर लाकडी खुर्ची! एक हात तुटलेली, त्यांच्या ओट्यावर असते ती. म्हणते, "जानकीबाय, आज मोठ्या मॅडम येणार तुला बघायला. उकिडवी बसलेली बरी दिसशील काय?" मी म्हटलं, "गो, मला बघायला आता कोण येतोय, बघून पसंत करणारा कधीच गेला." तर ती एवढी हसली की खुर्ची पडता पडता राहिली. मग तीच खुर्ची घेऊन खाली नळावर गेली आणि नेऊन मध्यभागी मांडली. मी बसले. गावी सरपंचसुद्धा असा बसत नसेल.

तू म्हणशील, आई नळावर खुर्ची टाकून काय करते. तेच सांगते, दम धर.

आपल्याकडे गणपतीपासून एक पोरगी येते, पद्मजा. मुलुंडची. विशीतली असेल, अंगानं काटकुळी, चालते मात्र भरभर. ती समाजसेवेच्या कॉलेजात शिकते. त्यांचं शिकणं नुसतं बाकावर बसून नाही. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार, आपल्यासारख्या वस्तीत येऊन काम करायचं, आणि मग कोण काय बोललं, आपण काय केलं, कुठं चुकलो, हे सगळं वहीत लिहून मॅडमना दाखवायचं. मला नवल वाटलं. आपली चूक आपणच लिहायची आणि वर मास्तरणीला नेऊन द्यायची! आपण तर पाटीवरची चूक थुंकी लावून पुसायचो.

पोरगी दर गुरुवारी आपल्या घरी यायची ती माझ्या खाटेवर, माझ्या शेजारी बसायची. तिची आजी गेल्या वर्षी वारली म्हणे. मी तिला गावच्या गोष्टी सांगायची, कुळथाची पिठी कशी करतात ते सांगायची. त्या दिवशी प्रेमाच्या कारखान्याला सुट्टी, ती चुलीपाशी चहा करायची. दोन कप बाहेर, एक आत.

सुलू दिवाळीपासून शाळेत जात नव्हती, हे तुला ठाऊक आहे. सातवीतली पोर, अभ्यासात बरी. शाळा सकाळची, आणि नळाला पाणी येतं दहा वाजता. प्रेमा साताला कामावर जाते. पाणी भरणार कोण? म्हणून सुलू घरी. पद्मजाला हे कळलं आणि डिसेंबरात एका गुरुवारी तिचं डोकं तापलं. प्रेमा बाहेर भांडी घासत होती. पद्मजा तिच्यापुढे उभी राहून म्हणाली, "ताई, पोरीचं आयुष्य वाया घालवताय तुम्ही. स्वतः कामावर जाता, आणि मुलीला पाण्याला जुंपता? आई आहात ना?" सात-आठ बायका बघत होत्या.

प्रेमानं राखेचा हात तसाच धरला. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग कढई घासायला लागली.

मी काय केलं सांगू? मी बशीतला चहा फुंकत राहिले.

पुढे महिनाभर असंच गेलं. शाळेतून निरोप आला, की जानेवारी संपायच्या आत मुलगी आली नाही तर पटावरून नाव कमी होईल. प्रेमा तो कागद देवाच्या फळीवर ठेवून रोज कामावर जायची. मी तो कागद बघायची आणि दुसरीकडे तोंड करायची.

संक्रांतीनंतरच्या गुरुवारी पद्मजा आली. मी खाटेवर जागा केली तर ती बसलीच नाही. आत चुलीपाशी गेली आणि प्रेमाला म्हणाली, "प्रेमाताई, जरा बाहेर येता? तेव्हा चार बायकांदेखत बोलले, तर आजही त्यांच्यादेखतच सांगते. मी चुकले."

आता बायका काय, भांडी टाकून जमल्या. सेराफिना तर पीठ मळलेल्या हातानं आली. पद्मजानं वही उघडली. म्हणाली, "तुमच्या घरचं काही वाचत नाही, माझंच वाचते." वाचलं ते असं होतं, मला बहुतेक पाठ झालंय:

"मी या घरी सतरा वेळा आले. सतराही वेळा आजींजवळ बसले. चहा प्रेमाताईंनी केला आणि गप्पा मी आजींशी मारल्या. सुलक्षणा शाळेत का जात नाही हे मी तिच्या आईला एकदाही विचारलं नाही. आई तरुण, कामावर जाणारी, म्हणून दोष तिचाच असं मी धरून चालले. आजी मला माझ्या आजीसारख्या वाटल्या, म्हणून त्यांनाही काही विचारलं नाही. मला उत्तर आधीच माहीत होतं, आणि ते चुकीचं असू शकतं हे माझ्या मनातही आलं नाही."

त्याच्याखाली मॅडमनी लाल शाईनं एवढंच लिहिलं होतं, "या सगळ्यात प्रेमा काय म्हणते?"

पद्मजानं वही मिटली. "सांगा ताई. मी आज ऐकायलाच आलेय."

आणि धोंडू, तुझी बायको काय म्हणाली असेल? म्हणाली, "सांगण्यासारखं काय नाही. घरचं आहे ते."

तेव्हा मात्र माझ्यानं राहवेना. वीस वर्षांची पोर सगळ्यांसमोर चुकले म्हणते, आणि मी बासष्ट वर्षांची खाटेला चिकटून बसलेय! उठले आणि म्हटलं, "गो पद्मजा, तिला काय विचारतेस? पोरीला घरी मी बसवलं. ती नको नको म्हणत होती. मीच सुलूचं दप्तर वरच्या फळीवर टाकलं."

पाण्याचं निमित्त होतं रे. खरं तुला आता सांगते. नवरात्रात मी नळावर पडले. उशिरा गेले होते, बायका भरून निघून गेलेल्या. पाय सरकला, हंडा पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला आणि मी तशीच चिखलात बसून राहिले. हाक मारली तर कोणी नाही. किती वेळ गेला ठाऊक नाही. घरी आले, लुगडं धुतलं, कोणाला बोलले नाही. तुला कळलं असतं तर तू मला गावी थोरल्याकडे धाडलं असतंस. तिथं मी महिन्यात मेले असते, कोणाशी बोलायला नाही म्हणून. पण त्या दिवसापासून घरात एकटी राहायची मला धास्ती बसली. सुलू जवळ हवी होती. बस, एवढंच. माझ्या भीतीपायी पोरीची शाळा सुटली, आणि सुनेनं सासूची लाज झाकली.

मला वाटलं आता पद्मजा मलाही झाडणार. तिनं तसं केलं नाही. माझ्यासमोर खाली बसली आणि विचारलं, "आजी, काय असलं म्हणजे तुम्हाला भीती वाटणार नाही?"

मला असं आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "माणसं." मग जरा विचार केला. आपल्या नळावरची भांडणं तुला माहीत आहेत. हंडे रांगेत ठेवायचे, आणि वळून बघितलं की कोणीतरी आपला पुढे सरकवलेला. दर आठवड्याला झिंज्या उपटायची वेळ. मी म्हटलं, "माझे पाय गेले, पण आवाज आहे. रोज दहाला मी नळावर बसते आणि रांग सांभाळते. एकीचा हंडा इकडचा तिकडे झाला तर मला धरा. बदल्यात माझे दोन हंडे तुम्ही भरायचे आणि वर पोचवायचे."

सेराफिना म्हणाली, "सोमवारचे माझे." मग मंगळवार, मग बुधवार, भराभर सगळे वार गेले! पद्मजा बघतच राहिली. नंतर मला म्हणाली, "आजी, मी वहीत लिहिलंय, की हा उपाय माझा नाही." मी म्हटलं, "लिही, लिही, आणि नाव नीट लिही."

सव्वीस जानेवारीची सुट्टी झाल्यावर सोमवारी प्रेमानं खाडा केला आणि सुलूला घेऊन शाळेत गेली. पद्मजा मुद्दाम बरोबर गेली नाही. म्हणाली, आई आहे ना तिची. मी गेले. हेडमास्तरांना सांगितलं, "गुन्हेगार मी आहे, काय ते मला बोला." ते हसले आणि पटावर बोट ठेवून म्हणाले, "आहे, नाव अजून आहे." प्रेमा शाळेच्या पायरीवर बसून रडली, आणि तिथंच मला म्हणाली, "चला आई, उसाचा रस पिऊ." दोन दोन गिलास प्यायलो!

तर गुरुवारी पद्मजाच्या त्या लाल शाईवाल्या मोठ्या मॅडम आल्या त्या हेच बघायला. त्या नेमक्या नळासमोर उभ्या. मी काठी आपटून ओरडले, "ओ मॅडम, बाजूला व्हा, तिथं दशरथच्या बायकोचा हंडा आहे!" सगळी रांग हसली, मॅडमसुद्धा.

आता राहिलेलं. इथवर हात नुसता त्याच्याभोवती फिरत होता.

दिवाळीत तुला जे पत्र आलं ते मी लिहिलेलं नव्हतं. पोस्टाजवळ बसतात त्या भाऊरावांकडून लिहून घेतलं होतं. त्यात होतं, की प्रेमानं पोरीला शाळेतून काढलं, ती माझं ऐकत नाही. ते खोटं होतं. तू विचारशील आणि मी सापडेन म्हणून आधीच तिचं नाव पुढे केलं. माझ्या हातानं ते लिहवलं नसतं, म्हणून दुसऱ्याचा हात लागला. त्यानंतर तुझी दोन पत्रं आली, दोन्हीत प्रेमाचं नाव नाही. ती मला विचारायची, "कामात असतील ना ओ?" मी म्हणायची, "असेल."

काल रात्री जेवताना तिला सगळं सांगितलं. ती ताटावरून उठली नाही. भात कालवत राहिली. शेवटचा घास झाल्यावर म्हणाली, "मग आता खरं लिहा." तिनं मला माफ केलं की नाही ते ठाऊक नाही. मी विचारलंही नाही, कारण तिनं उत्तर लगेच द्यावं असं मी म्हणणार कोण?

तिला वेगळं पत्र लिही. माझ्या पाकिटात कोंबू नकोस. तिच्या नावानं येऊ दे, पोस्टमननं गल्लीत तिचं नाव मोठ्यानं घेऊ दे.

खाली अर्धं पान मी कोरं ठेवलंय. ते प्रेमाचं. तिनं लिहिलं तर वाच. तसंच सोडलं तर तेही वाच.

सुलूचा नमस्कार. ती शेजारी भूगोल पाठ करतेय, मोठ्यानं, आणि मला काही लिहू देत नाही. झकास वाटतंय.

तुझी, उशिरानं खरं बोलणारी पण आता कशाला न भिणारी,
आई

ता. क. पद्मजा आणि मॅडम पुन्हा येतो म्हणाल्यात, येत्या गुरुवारी. त्या दिवशी प्रेमा खाटेवर बसणार. चहा मी करणार.