आगुदर कुसळं

आये, आज प्रयोगशाळेत मी एकटीच मोठ्यानं बोलले, "आगुदर कुसळं काढ!" शेजारचा पोरगा दचकून बघायला लागला. त्याला काय सांगणार कपाळ? तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या तोंडात अजून तूच बोलतेस.

मी सांगलीत काय करते, हे तुला कधी धड सांगितलंच नाही. आमच्याकडं कोकणातून वाळवलेलं समुद्री शेवाळ येतं, पोत्यानं. त्याचा अर्क द्राक्षबागांवर फवारतात. पण त्यातल्या साखरा एकमेकींचे हात धरून लांबलचक साखळ्या करून बसलेल्या असतात. त्यांचे बारीक तुकडे झाले, तरच वेलीला फायदा. ते काम एन्झाइमचं. त्याच्या अंगाला एक खाच असते. साखळी त्या खाचेत नीट बसली की ते दोन साखरांच्या सांध्यात पाण्याचा एक कण घालतं आणि सांधा सुटतो. माझा मात्र तीन महिने काही केल्या सुटेना. एन्झाइम दुप्पट घातलं, ऊब वाढवली, पण नळीतली शेवाळाची खळ आपली दाटच्या दाट. सर म्हणाले, "या महिन्यात जमलं नाही तर काम बंद करू."

काल ती साखळी कागदावर काढत होते. साखरेच्या कड्यांना जागोजाग सल्फेट चिकटलेलं असतं. ते काढता काढता हात थांबला. अगं आये, ही तर कुसळं! यांच्यामुळंच साखळी खाचेत बसत नव्हती. नुसतं सल्फेट उपटणारं दुसरं एन्झाइम फ्रीजमध्येच होतं. वेळ जातो म्हणून मीच ते वगळलं होतं. आज आधी ते घातलं, मग कापणारं. दुपारी खळ पाण्यासारखी पातळ! सरांनी नळी हलवून विचारलं, "कसं सुचलं?" मी म्हणाले, "आईनं सांगितलंय."

खरंच तू सांगितलेलंस. म्हसवडच्या आपल्या घरासमोर तू लोकरीचा ढीग घेऊन बसलेली आहेस, मी शेजारी, मांडीवर पुस्तक. "आगुदर कुसळं काढ, मग पिंज. घाई केलीस तर घोंगडं टोचंल." तुझं सूत म्हणजे लोण्यासारखं, साऱ्या वस्तीची लोकर तुझ्याकडंच कातायला यायची. आणि एक दिवस विणकर तुझं सूत परत घेऊन आला, चार बायकांदेखत म्हणाला, "आवं, तुमच्या सुतात कुसळं? हात गेला व्हय तुमचा?" तू माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "डोळं गेलं बाबा, दिसत न्हाई आता," म्हणालीस. त्यानंतर वस्तीनं तुझ्याकडं लोकर देणं बंद केलं. तू सूत कातायची चाती आढ्याला खोचून ठेवलीस आणि मला म्हणालीस, "तू वाच."

मी वाचलं आये, लय वाचलं. आज जी काही आहे ती त्यामुळंच. हा कागद टाकायला पेटी नाही, तुझ्या घोंगडीच्या घडीत ठेवीन. पण एक लिहून ठेवते. त्या सुतातली दोन मूठ लोकर मीच न निवडता निवडलेल्या ढिगात सारली होती, धडा संपवायचा होता म्हणून. विणकर गेला त्याच दिवशी तू माझा शाळेचा झगा शिवायला घेतलास आणि सुईत दोरा पहिल्याच झटक्यात ओवलास. तेव्हाच मला कळलं, की तुला सगळं कळलंय. मी पुस्तकातून मान वर केली नाही.