चौथा आकडा

हैदराबाद,
११ जानेवारी १९४६

प्रिय फुलसिंग,

दीड वर्ष झालं, तुझं पत्र नाही. म्हणून मीच लिहितो आहे. आधी आनंदाची बातमी. राज्यात विज्ञान आणि इंजिनिअरिंगचं काम आज कुठवर आलं आहे आणि पुढे कशाकशावर संशोधन करता येईल, याचा आढावा लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं. तो आता छापायला जायचा आहे. वीज, काच, रंगांची रसायनं, सगळं त्यात आहे. पण वाखाणलं गेलं ते पूर्णा नदीवरचं प्रकरण. सिद्धेश्वरजवळ धरण होऊ शकतं, असं मी त्यात दाखवलं आहे. त्याच्या जोरावर मला पुढच्या अभ्यासाला विलायतेला पाठवायचं घाटतं आहे.

ते प्रकरण तुझ्या सात वर्षांच्या वह्यांवर उभं आहे, हे मी विसरलेलो नाही. हिंगोलीच्या शाळेत आपण एका बाकावर बसायचो आणि गणितात तू माझ्या पुढे असायचास. तांड्यातून शाळेत आलेला तू एकटाच. मॅट्रिकच्या आधी तुझी शाळा सुटली, मी इंजिनिअर झालो आणि नदीचं पाणी मोजायच्या कामावर तुला लावलं. पहिल्याच दिवशी तू मला साहेब म्हणालास. मी नको म्हणालो नाही. चार लोकांत ते बरं दिसतं.

पाण्याचा वेग मोजायला तू यंत्र मागितलंस, ते काही मिळालं नाही. मग तू प्रवाहात वाळलेले भोपळे सोडायला लागलास आणि दोन खुंट्यांमधलं अंतर ते किती वेळात कापतात, हे घड्याळावर पाहायला लागलास. भोपळे सोडायची रूपाबाई. तुझ्या बायकोला अक्षर एक येत नव्हतं, पण आकडे तू शिकवले होतेस. पाण्याची उंची दाखवणाऱ्या नदीतल्या खांबावरचा आकडा ती वाचते म्हटल्यावर मी हसलो, तर म्हणाली, "काहून हसता साहेब? तुमी वाचा, मी वाचते, मग मिळवून पाहा." बरोबर मिळाला. ही भोपळ्यांची रीत आढाव्यात 'लेखकाने वापरलेली सोपी पद्धत' म्हणून आली आहे. नावांची लांबण तज्ज्ञांना आवडत नाही.

पुढच्या संशोधनासाठी पूर्णेवर आपोआप नोंद करणारं यंत्र बसवावं, अशी शिफारस मी केली होती. ती मान्य झाली. त्यामुळे जूनपासून तुझी जागा राहणार नाही. वाईट वाटून घेऊ नकोस. माणूस आजारी पडतो, यंत्र पडत नाही. प्रगती म्हणतात ती हीच.

चव्वेचाळीसच्या पुराबद्दल आपण कधी बोललोच नाही. दर तासाला आकडा हवा, एक जरी राहिला तर सगळी मेहनत फुकट, असं मी तुला आधी खरमरीत लिहिलं होतं. ते पत्र तू रूपाबाईला वाचून दाखवलंस, हे मला मागाहून कळलं. तू हिवतापानं अंथरुणात. ती दर तासाला उतारावरून खाली जायची, खांब पाहून यायची आणि वहीत लिहायची. तिसऱ्या दिवशी ती खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. महिन्यानं मी आलो, तेव्हा दारातच तू म्हणालास, "साहेब, तीन आकडे लिवले तिनं. चौथ्याला गेली, ती आलीच न्हाई." मी वही मागितली. ती तू तिच्या ओढणीत गुंडाळून ठेवली होतीस. वही घेतली आणि ओढणी परत दिली. तू चहा पुढे केलास. उशीर झाला म्हणून मी निघालो. तुझ्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती, हे आज लिहितो आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. तपासणारे तज्ज्ञ त्या पानावर अडले आहेत. धरणाची उंची त्याच दिवसावर ठरते, आणि पानावर तीन आकडे वेड्यावाकड्या हाताचे, चौथा रकाना कोरा. हा हात कोणाचा, असं ते विचारतात. निरक्षर बाईचा म्हणून कसं सांगू? ते कच्चं पान होतं, पक्कं तुझ्याकडे आहे, असं सांगून मी वेळ मारून नेली आणि ते पान फाडून टाकलं. सोबत कोरं पान पाठवतो आहे. ते तुझ्या वळणदार हातानं भर. पहिले तीन तिचेच ठेव: एकवीस, तेवीस, सव्वीस फूट. चौथा अठ्ठावीस लिही. तो मी अंदाजानं काढला आहे. खाली सही कर आणि सहीच्या वर एवढाच मजकूर घाल, अक्षरही बदलू नकोस: 'पुराच्या दिवशी चारही आकडे मी स्वतः पाहून लिहिले. त्या दिवशी नदीवर दुसरं कोणीही गेलं नव्हतं.'

तुझाच,
राधाकृष्ण