भिंत, पोतं आणि बाबांचा डावा पाय

३ डिसेंबर, घाटंजी
बाबांनी आजही व्यायाम केला नाही. पाचवा दिवस. पॅरालिसिसनंतर डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय, खुर्चीत बसून डावा पाय भिंतीला लावायचा नि ढकलायचं. आधी करत होते. विचारलं की तोंड फिरवतात.

४ डिसें.
कारण कळलं. मीच. बाहेरच्या खोलीत माझी नववीची शिकवणी. पोरं मोठ्यानं पाठ करतात, "भिंत ढकलली, विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य." आत बाबा ऐकत होते.
"तूच तं सांगतं पोराईले. भित सरकत नाही, काम होत नाही. मंग मी कायले ढकलू?"
एवढी वर्षं विज्ञान शिकवतेय. रात्री नववीचं पुस्तक काढून बसले. लाज वाटली.

५ डिसें.
सांगून पाहिलं. भिंतीवर कार्य शून्य, तुमच्या आत नाही. भाकरीतली ऊर्जा स्नायूंत जाते, तिची उष्णता होते, म्हणून घाम येतो.
"म्हंजे भाकर वाया."
जन्मभर जिनिंगच्या कारखान्यावर ट्रकमध्ये उभं राहून बाबांनी पायानं कापूस खुंदला, तुडवून तुडवून दाबला. ढीग खाली बसला की काम झालं, हा त्यांचा हिशोब. चुकीचा कसा म्हणू? तरी ओरडले त्यांच्यावर. नको होतं.

८ डिसें.
सुचलं एकदाचं. काकांच्या शेतातून कापूस आणला, पोत्यात भरून भिंत आणि पाय यांच्यामध्ये ठेवला. बाबा भडकलेच.
"असा भरतेत का कापूस? पहिले कोपरे!"
उजव्या हातानं स्वतः कोपरे भरले. महिन्याभरात एवढं बोलले नव्हते. आत जाऊन रडून घेतलं.
पाय लावला. पोतं दबलं नाही.

१३ डिसें.
रोज भिंतीपासून टाचेपर्यंत पट्टी लावते. फरक नाही. शिकवणीत 'शक्ती' घेतली. तेच कार्य कमी वेळात केलं, तर शक्ती जास्त. फळ्यावर लिहिताना मनात आलं, लागू दे किती लागायचा तो वेळ.

१७ डिसें.
दबलं! दीड सें.मी. पाय सैल पडल्यावर कापूस परत फुगला.
पण बाबांचा उजवा हात डाव्या गुडघ्यावर होता. पायानं दाबलं की हातानं रेटलं? विचारायचा धीर झाला नाही.
"किती?"
"दीड."
 बाबांनी गुडघ्यावरचा उजवा हात उचलून माझ्यापुढे केला.
"हा धरून ठेव माहा. मंग मोज."
एका हातात त्यांचा हात धरला, दुसऱ्या हातानं पट्टी लावली.