झाकण उघडं ठेवणारी वसुधा

६ फेब्रु.
सकाळीच वसुधाचा फोन. सौ.ची धाकटी बहीण. इथेच शहरात, स्नेहलतागंजात कारखाना, धान्यातला ओलावा मोजायची यंत्रं करते. "भाऊजी, केस झालीय. पेटंटची." बाहेरगावची मोठी कंपनी. म्हणणं: आमच्या दोन युक्त्या हिने उचलल्या. कोर्टाकडे विक्रीवर मनाई मागितलीय. मार्चात गहू मंडीत येतो. निम्मी विक्री तेव्हाच. मनाई आली तर सीझन गेला, अकरा माणसं घरी.

८ फेब्रु.
तिच्याकडे गेलो. वार्ताहराचं डोकं, मथळा तयार: लहान विरुद्ध मोठी. टेबलावर दोन्ही यंत्रं उघडी, तिचं आणि त्यांचं. पहिली युक्ती: दाणे न दळता तीन ठिकाणी मोजून सरासरी काढणं. दुसरी: उन्हात यंत्र तापलं तरी आकडा न हलणं. पहिली व.ची, फार जुनी. पेटंट का नाही घेतलंस?
"बंद डब्याच्या आकड्यावर मंडीत भरोसा कोण करतं? पहिल्या दिवसापासून झाकण खोलून दाखवायची मी. वायर न वायर."
आधी चारचौघांत दाखवलं, म्हणून तिला पेटंट मिळालं नाही. पण वकील शुक्लाजी खूश: जे आधीच उघड होतं, त्यावर कंपनीचाही हक्क टिकत नाही.

१३ फेब्रु.
देपालपूरची धान्यमंडी. धान्याचे जुने व्यापारी मांगीलालजी साक्ष द्यायला एका पायावर तयार. "म्हारे सामने खोल्यो थो, सब ने देख्यो. म्हने तो कियो, बाई, ढक्कन लगई ले, धूल जायगी." तेव्हाचा फोटोही निघाला, तारखेसकट. परतताना शुक्लाजींचा प्रतिज्ञापत्राचा मसुदा गाडीतच सुरू.

१४ फेब्रु.
गडबड. मसुद्यात दुसरी युक्तीही व.च्या नावावर. ती म्हणाली, काढा. गेल्या वर्षी त्यांचं यंत्र विकत आणून खोललं, त्यातूनच शिकले. पेटंट आहे का, बघितलंच नाही. मला म्हणाली, "इथे सगळेच एकमेकांचं खोलून बघतात, भाऊजी. माझंही बघतात. मला वाटलं, असंच चालतं."
शुक्लाजी: "मॅडम, चुप रहने में क्या जाता है? साबित उनको करना है."
व.: "पहली वाली में मैं उनको झूठा बोल रही हूँ. दूसरी में खुद झूठ कैसे बोलूँ?"
"आप केस लड़ रही हो कि सत्यनारायण की कथा करवा रही हो?"
मी हसलो. व. नाही. प्रतिज्ञापत्रात दोन ओळी तिने स्वतःच्या हाताने घातल्या: हे त्यांचं आहे, मी घेतलं, आता काढते.

१५ फेब्रु.
पेपरच्या डेस्कला सांगितलं, नात्यातली केस, मी लिहीत नाही. दुसऱ्याला द्या. तीस वर्षांत हातातली बातमी सोडायची पहिलीच वेळ.
तो मथळा तसाही चुकलाच असता. उन्हाची युक्ती शोधायला त्यांच्याही कुणीतरी डोकं झिजवलंच असेल. तरी एक सलतं. कंपनीला चार तारखा पुढे गेल्या तरी काही फरक नाही. व.ला एक गेली तरी...

२७ फेब्रु.
सुनावणी. व.ने उन्हाच्या युक्तीचं नवं मॉडेल आधीच परत घेतलं, त्यात जुना भाग बसवला. आता दुपारच्या उन्हात आकडा थोडा सरकतो. डब्यावर चिकटवलंय: सावलीत वापरा. धंद्यात स्वतःच्या मालाचा दोष असा मोठ्या अक्षरात छापणारी दुसरी कंपनी मी पाहिली नाही.
त्यांचे वकील: कबुली आहेच, पूर्ण यंत्रावर मनाई द्या. शुक्लाजी उभे राहिले आणि, कमाल, तिच्या त्या दोन ओळींवरच अर्धा तास बोलले. एक बात जो मान लेता है, उसकी दूसरी बात सुनी जाए. कोर्टाने आदेश राखून ठेवला.
बाहेर शुक्लाजी मला हळूच: "भियाजी, ऐसी पार्टी पहली बार मिली. डर भी लगा, मजा भी आया."

१२ मार्च
आदेश नाही. देपालपुरात गव्हाच्या ट्रॉल्या लागल्या. कारखान्यात साठ यंत्रं बांधून तयार, व.ने एकही पाठवलेलं नाही, मनाई आली तर गिऱ्हाईक अडकेल म्हणून. अकराही जण कामावर. काम फारसं नाही, यंत्रं पुसतात.
न राहवून विचारलं, त्या दोन ओळींचा पस्तावा होतो का?
"आदेश येईपर्यंत विचारू नका, भाऊजी. आज विचारलंत तर हो म्हणीन."